खुराक राहिला, मेहनत सुटली : तालमीतल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत आहे. मापं घ्यायला याहून वाईट मुहूर्त नाही. पण वस्ताद म्हणाले, "आत्ता न्हाई तर मग लगीनसराई, मग संक्रांत, मग जत्रा. कवाच न्हाई." म्हणून आज सकाळी सातला कोल्हापूरच्या पेठेतल्या या तालमीत, वरच्या हॉलमध्ये, टेबल मांडलं. मी आहारतज्ज्ञ, सोबत फिजिओथेरपिस्ट सहकारी. खाली कुस्तीच्या हौदाकडे मी, बाईमाणसाने, जायचं नाही, हे कुणी न सांगताच कळलं होतं. भिंतीवर शाहू महाराज, त्यांच्या शेजारी १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव. खाली लाल मातीचा वास, वर आमचा वजनकाटा.

१७ जण आले. वयं ४२ ते ६३. कधीकाळी प्रत्येकाने लंगोट बांधलेला, आणि लंगोट सोडूनही प्रत्येकाला कमीतकमी दहा वर्षं झालेली. आता कुणी दूधवाले, कुणी रिक्षावाले, एक जण पतसंस्थेत वसुलीला, दोघांची शेती. बोलावण्याचं कारण साधं आहे. कुस्ती सुटली की मेहनत थांबते, खुराक मात्र थांबत नाही. तो घरातल्या मानाचा भाग झालेला असतो.

पहिल्या तासात घोळ झाला. बीपी घेतलं तर एकामागून एक १६०, १६८, १७४. सहकाऱ्याने सहाव्या माणसाला हात वर करायला लावला आणि कपाळावर हात मारला. दंडाचा घेर ३९ सेंटिमीटर आणि आमच्याकडचा पट्टा ३२ सेंटिमीटरपर्यंतचा. पट्टा लहान पडला की बीपी खोटंच जास्त येतं. सगळे आकडे खोडले. मोठा पट्टा आल्यावर पुन्हा.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मोठा पट्टा मिळाला. १७४ वाले आज १४६. म्हणजे औषधाचा विचार करायला लागणारच, पण परवाची धावपळ वाचली.

आज कंबर मोजली, त्यात अर्धा दिवस गेला. पहिला वाद: "मॅडम, माझी पँट ३६ चीच हाय, वीस वर्सं झाली." खरं आहे. कारण पँट वीस वर्षांत हळूहळू पोटाखाली उतरली. करगोट्याचंही तेच: गाठ जुनीच, पण दोरा घसरून ओटीपोटाखाली बसलेला. कंबरेचं माप तिथलं नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर. पैलवानाला श्वास सोड म्हटलं की तो पोट आत ओढून छाती काढतो. ती सवय जात नाही. तिसऱ्या मापापर्यंत थांबून मग लिहिलं.

भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही रेघ आहे. १७ पैकी १६ जण तिच्या पलीकडे. उरलेला एक ८८.

दुसरा वाद बीएमआयचा, आणि त्यात त्यांची बाजू बरोबर होती. "आमी जाड न्हाई, आमची हाडंच जड." उंची-वजनाचं ते गणित स्नायू आणि चरबी यांत फरक करत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये आपल्या दोघांचेच आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी ठेवले होते: दोघांचा बीएमआय नेमका २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. ही गोष्ट सांगितली तेव्हा हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता झाली. मग एकाने विचारलं, "म्हंजे आमी त्या इंग्रजासारखं?" वीस वर्षांपूर्वी, हो.

म्हणून ठरलं: वजन लिहायचं, पण भिंतीवर लावायचं नाही. भिंतीवर कंबर. प्रत्येकाला उंचीएवढा दोरा कापून दिला. तो मधोमध दुमडून पोटाभोवती पुरला पाहिजे, हे घरच्या घरी तपासायचं. एकाचाही पुरला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

रक्ताचे रिपोर्ट आले. आज शून्याचा दिवस धरायचा, इथून सोळा आठवडे खुराक आणि व्यायाम बदलून बघायचा.

पाच गोष्टी बघितल्या: कंबर ९० किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचांतल्या तीन असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी जुळणी. १२ जणांना तीन किंवा जास्त लागू. दूधवाले मामा पाचही: कंबर १०९, ट्रायग्लिसराइड २६८, एचडीएल ३४, बीपी १४६/९२, साखर ११८. त्यांना काहीही होत नाही. जिना चढताना दम लागतो तो "वयाचा".

तिघांना बाहेर ठेवलं. एकाला चालताना छातीत जड वाटतं आणि थांबलं की बरं वाटतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याला चालणं नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञ. दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याने स्वतःच नको म्हटलं. उरले १४.

मान मोजायचा विचार सोडला. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं ओळखायला मानेचा घेर बघतात, पण पैलवानाची मान पहिल्यापासूनच बैलासारखी. त्याऐवजी घरी विचारायचं. घरची माणसं खरं सांगतात.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. कुणी आलं नाही. प्रचारातल्या जेवणावळींचा हिशोब विचारायचा नाही असं ठरवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

खुराकाचा हिशोब. आधी मी चार्ट छापून आणला होता, ओट्स-बिट्स. वस्तादांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हे राहू दे. खुराकावर बोला." मग फळ्यावर थंडाई मांडली.

बदाम ५०, म्हणजे साधारण ६० ग्रॅम: ३५० कॅलरी. म्हशीचं दूध अर्धा लिटर: ५५० च्या आसपास. साखर चार चमचे: ८०. वर तुपाचा मोठा चमचा: १३०. खसखस, बडीशेप, मिरी सोडून दिली. ११०० झाले. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा हे सगळं वेगळं. पंच्याण्णव किलोच्या माणसाने तासभर झपझप चाललं तर चारशेच्या आसपास जातात. म्हणजे ही एक थंडाई उतरवायला पावणेतीन तास.

"आमी चार तास मेहनत करत होतो," कुणीतरी म्हणालं. तेच तर. पहाटेचे जोर, बैठका, मातीतली लढत, संध्याकाळी पुन्हा. तेव्हा हा खुराक उधळपट्टी नव्हता. आज तोच खुराक रिक्षाच्या सीटवर बसून पचवायचाय. तो पचत नाही, साठतो. आधी पोटात आतड्यांभोवती, मग यकृतात. नऊ जणांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आहे. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही, म्हणून रात्रभर साखर सोडत राहतं आणि रक्तात ट्रायग्लिसराइड ओततं. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते ती त्यामुळे. "रात्री तर काय खाल्लंच न्हवतं" याचं उत्तर हे.

दूध बंद करा म्हटलं असतं तर प्रकल्प आजच संपला असता. ठरलं ते असं: रात्री दूध कट्ट्यावर जायचं, म्हैस समोर पिळलेली बघायची, गप्पा मारायच्या, पण अर्ध्या लिटरऐवजी एक पेला, बिनसाखरेचा. बदाम राहतील, मूठभर नाही, दहा. थंडाई रविवारी.

१ डिसेंबर, रविवार

व्यायामाचा पहिला आठवडा संपला आणि दोघे लंगडत आहेत. सहकाऱ्याने सांगितलं होतं २० बैठका. तरण्या पोरांसमोर बसायला लागल्यावर एकाने २०० मारल्या. तीन दिवस त्याला संडासला बसता येईना. लघवीचा रंग विचारला. स्वच्छ होती, सुटलो. अचानक एवढी मेहनत केली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर येतं.

नवा नियम: आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालणं, म्हणजे दीडशे मिनिटं. चाल अशी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दोन दिवस ताकदीचं काम, भिंतीला हात लावून अर्ध्या बैठका आणि ओट्यावर हात टेकून जोर. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, फक्त तिला जोर हा शब्द माहीत नाही.

जोर मारताना हे लोक श्वास कोंडतात. त्याने बीपी क्षणात उसळतं. सहकाऱ्याची युक्ती झकास: आकडा मोठ्याने म्हणायचा. ओरडताना श्वास कोंडता येत नाही. सकाळी पेठेत आता "सात! आठ!" ऐकू येतं.

८ डिसेंबर, रविवार

आज सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. तालमीत नाही, शेजारच्या समाजमंदिरात. सहा जणी आल्या. आधी हे का सुचलं नाही? चौदा माणसांपैकी एकालाही घरात महिन्याला तेल किती लागतं ते माहीत नव्हतं.

बायकांना ग्रॅममध्ये विचारलं तर त्या गप्प. डब्याच्या हिशोबात विचारल्यावर पटापट उत्तरं. एका घरात खाणारी सहा माणसं, पंधरा किलोचा डबा पन्नास दिवस. भागाकार केला: माणशी रोज ५० ग्रॅम, साडेचारशे कॅलरी, बाहेरची मिसळ आणि भजी सोडून. पंचवीस-तीसच्या वर जाऊ नये. मी "निम्मं करा" म्हणणार होते, तेवढ्यात एक काकी म्हणाल्या, "तर्री नसंल तर तांबडा रस्सा कसला, लाल पाणी." बरोबर आहे. मग त्यांनीच तोड काढली: रस्सा आदल्या रात्री करून ठेवायचा, सकाळी वर गोठलेली चरबी काढून टाकायची, रंगासाठी ब्याडगी वाढवायची. पांढऱ्या रश्शाला अशी पळवाट नाही, त्यात नारळाचं दूध आणि काजू विरघळलेले. तो वाटीभरच.

मटण बंद केलेलं नाही. या वयात स्नायू टिकवायला प्रथिनं हवीत. मटण, अंडी, मटकीची उसळ, ताक राहू दे. कमी करायचा तो रश्शावरचा दुसरा आणि तिसरा भात. आणि भाकरी म्हणजे मोफत नव्हे. जोंधळ्याच्या तीन भाकरी सहाशे कॅलरीपर्यंत जातात. भाकरीचं कौतुक करून करून आम्ही आहारवाल्यांनीच हा गैरसमज वाढवलाय.

घोरण्याचं विचारलं. हशा. मग एकीने हळूच सांगितलं की हे झोपेत थांबतात, ती हलवते तेव्हा श्वास घेतात. त्यांना झोपेच्या तपासणीला पाठवलं.

निघताना तीच काकी: "त्यांची मापं झाली. आमची कोण घेणार?" टेप पर्समध्येच होती. बाईसाठी रेघ ८० ची. सहापैकी पाच जणी वर.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी साडेसहा, रंकाळा. पतसंस्थेतले दादा चालता चालता घामाघूम, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी ९१, मग केळं.

चूक माझी. मी त्यांच्या रात्रीच्या जेवणातल्या दोन चपात्या कमी केल्या, पण ते मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात याकडे लक्ष दिलं नाही. ती गोळी जेवण असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. जेवण कमी, वर उपाशीपोटी चालणं: साखर खाली जाणारच. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी निम्मी केली. संध्याकाळी सगळ्या चौदा जणांच्या गोळ्यांची यादी बनवली. हे काम १७ नोव्हेंबरचं होतं.

२९ डिसेंबर, रविवार

सहा आठवडे. वजन घेतलं आणि हॉलमध्ये अवकळा. सरासरी दीड किलोही नाही. "एवढं चालून दीड किलो? म्हशीनं एकदा शेण टाकलं तरी तेवढं कमी हुतं."

मी चेन्नईचा दाखला दिला. डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ माणसं घेतली, सगळी मधुमेहाच्या उंबऱ्यावरची. २००६ मध्ये निकाल आला: आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी, आणि वजन जवळजवळ होतं तिथेच. अमेरिकेतल्या तशाच प्रयोगात ५८ टक्के, पण तिथे वजनही उतरलं होतं. म्हणजे वजन उतरलं तर उत्तमच. नाही उतरलं म्हणून मेहनत वाया गेली असं नाही. स्नायू साखर ओढायला लागतो, यकृतातली चरबी आधी हलते. काट्याला ते दिसत नाही.

उलट बाजूही सांगितली, कारण नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. अमेरिकेतच ५,१४५ मधुमेहींवर असाच कडक कार्यक्रम जवळपास दहा वर्षं चालला. वजन उतरलं, साखर सुधारली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात काही कमी झाले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये तो थांबवला. मग आपण कशाला चालतोय, असं वस्तादांनी विचारलं. माझं उत्तर: मधुमेह झाल्यावर उशीर होतो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून झालेला नाही, आणि बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं काम चालणं करत नाही. पटलं की नाही कळलं नाही. कंबर मोजली. मामा १०९ वरून १०५. ते दोन मिनिटं टेपकडे बघत राहिले.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेतला, दिला. गोड बोलण्याआधी गुळावरून भांडण. मागच्या महिन्यात तिघांनी साखर "पूर्ण बंद" केली. चौकशी केली तर दिवसाला आठ कप गुळाचा चहा. कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे कठीण काम, पण रक्ताला गूळ काय आणि साखर काय, दोन्ही मुख्यतः तेच सुक्रोज. लोहाचा अंश म्हणाल तर तेवढ्यासाठी आठ कप लागत नाहीत. दोन कपांवर तह झाला.

२२ जानेवारी, बुधवार

रिक्षावाल्यांचं बीपी १६२/१००. महिन्यापूर्वी १३४. विचारलं तर, "चालाय लागल्यावर कशाला गोळी?" तीन आठवडे बंद. बीपी चांगलं होतं ते गोळीमुळे, आणि गोळी सोडल्यावर तीन आठवडे काही जाणवलं नाही म्हणून सोडल्याचं बरंच वाटलं. हेच तर बीपीचं दुखणं. पुन्हा सुरू. फळ्यावर मोठ्या अक्षरात: गोळी डॉक्टरच कमी करतील.

९ फेब्रुवारी, रविवार

शतपावलीचा प्रयोग. मामांनी दोन रात्री तेच जेवण घेतलं: दोन भाकरी, पिठलं, भात. पहिल्या रात्री टीव्हीसमोर. तासाने साखर २१२. दुसऱ्या रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत, १७१. एका माणसाच्या दोन रात्री म्हणजे पुरावा नव्हे, पण कारण ठाऊक आहे: चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतो. शंभर पावलांनी मात्र काही होत नाही. पंधरा मिनिटांत हजार-दीड हजार होतात. आता त्याला हजारपावली म्हणतात आणि रात्री साडेनऊला पाच-सहा जण जोडीने निघतात. इतक्या दिवसांत मी सांगितलेल्यांपैकी हीच गोष्ट कुणी न आठवण करता चालू आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप. शनिवारचा मारुतीचा उपासही असाच. उपासाच्या दिवशी यांच्या पोटात रोजच्यापेक्षा जास्त जातं. वरी आणि ताक सुचवलं. दोघांनी ऐकलं.

रविवारच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्के कमी करायला सांगितलं. काकींचा निरोप: "त्यांना सांगा, आमी कवाच निम्म्यावर आलोय." डबा आता पन्नासऐवजी ऐंशी दिवस जातो. निम्मा नाही, पण जवळ.

९ मार्च, रविवार

सोळा आठवडे पूर्ण. दुपारी चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, म्हणून सगळे साडेसहालाच हजर.

१४ पैकी ११ शेवटपर्यंत टिकले. आठ जणांची कंबर उतरली, दोघांची तशीच, एकाची दोन सेंटिमीटर वाढली (घरात दोन लग्नं). मामा: कंबर १०२, ट्रायग्लिसराइड १७१, साखर १०४, बीपी १३२/८४. वजन ९८.४ वरून ९५.९. एचडीएल ३४ वरून ३५. ते इतक्या सहज हलत नाहीच. पतसंस्थेतल्या दादांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ होतं, १६१ झालं. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचं औषध, सुरू केलं. दादांना ते अपयश वाटलं. मधुमेह असलेल्या माणसाला ते आधीच द्यायला हवं होतं, असं डॉक्टरांचं मत. माझंही.

झोपेची तपासणी झालेले रात्री श्वास अडकू न देणारं मशीन लावून झोपतात. त्यांची बायको म्हणते, मशीनचा आवाज घोरण्यापेक्षा बरा.

छातीत जड वाटणाऱ्यांची अँजिओप्लास्टी डिसेंबरात झाली. ते आज बघायला आले होते, आता सावकाश चालतात. त्यांना पुढच्या गटात घेण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी मागितली आहे.

वस्तादांनी टेप मागून घेतली आणि कपाटात गदेशेजारी ठेवली. मोठा बीपीचा पट्टाही तिथेच. तीन महिन्यांनी मापं.

बायकांचा गट: १९ नावं आली. होळी गुरुवारी, पुरणपोळीच्या आठवड्यात कुणी मापाला तयार नाही. सुरुवात २३ तारखेला, समाजमंदिरात, दुपारी तीनला, कारण सकाळी सातला त्यांची मेहनत आधीच चालू असते. दंडाच्या मापाचा मधला पट्टा विकत घ्यायचा आहे.